कार्यशाळा संपल्यावर



आजचा विषय कानाला जरा रुक्ष लागेल. मुलांचे आणि किशोरवयीनांचे मानसिक आरोग्य, आणि त्यासाठी डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांना द्यायचे प्रशिक्षण. अमरावतीच्या या सभागृहात शिक्षक बरेच आहेत, आरोग्य खात्यातली मंडळीही आहेत. ‘प्रशिक्षण’ म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते इथून स्पष्ट दिसते आहे. सही करायची, फाइल घ्यायची, दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात डोळे उघडे ठेवायचे आणि चारच्या एसटीने गावी परतायचे. या थट्टेत पुष्कळ तथ्य आहे, म्हणूनच ती सुरुवातीला केली. योजनांची आपल्याकडे कमतरता नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि त्याच्या सहा विषयांत मानसिक आरोग्याला जागा मिळाली. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला, त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही होते. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमाने प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमायला सांगितले. २०२२ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या आल्या, त्याच वर्षी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सुरू झाला. आता सांगा, एवढे सगळे असताना नववीतली एखादी मुलगी महिनाभर गप्प झाली, तर तिच्या वर्गशिक्षिकेने नेमके काय करायचे, हे तिला ठाऊक आहे का? आणि तिने ते केलेच, तर पुढच्या टोकाला कोण आहे?

माझे म्हणणे एवढेच आहे. प्रशिक्षण देऊन काम होत नाही. प्रशिक्षण घेतलेल्या माणसामागे दुसरे कोणी तरी कायमचे उभे असावे लागते. तो पाठीराखा नसेल तर प्रशिक्षणाचा पैसा वाया जातो, आणि कधी कधी मुलाचे नुकसानही होते. पुढचा तासभर मी हेच वेगवेगळ्या बाजूंनी मांडणार आहे. कंटाळा आला तर दोष माझा. विषय मात्र कंटाळवाणा नाही.

आधी गरज किती आहे ते पाहू. कारण पहिला आक्षेप तिथेच येतो. “आमच्या वेळी कुठे होते हे नैराश्य-बिराश्य? मास्तर छडीने मारायचे, आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत.” पुन्हा शाळेत आलेल्यांचेच हे बोलणे आहे. जे आले नाहीत त्यांना विचारायला कोणी गेले नाही. जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी केली, तेव्हा मानसिक विकारांपैकी सुमारे एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षाआधी आणि जवळजवळ निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले आढळले. म्हणजे चाळिशीतल्या ज्या माणसाचा आपण पुढे उपचार करतो, त्याच्या आजाराचे पहिले पान अनेकदा शाळेतच लिहिले गेलेले असते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. चाळीस मुलांच्या वर्गात असा हिशेब केला तर तीन मुले होतात. मात्र त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या कपाशीचे, सोयाबीनचे, संत्र्याचे तालुकावार आकडे आपल्याकडे आहेत. आपल्या मुलांच्या मनाचा आकडा दुसऱ्या राज्यांवरून अंदाजाने काढावा लागतो. एक आकडा तेवढा आपला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या आहेत.

त्यात वऱ्हाडाची स्वतःची गोष्ट वेगळी आहे. २००१ पासून अमरावती विभागात नोंदलेल्या शेतकरी आत्महत्या वीस हजारांच्या पुढे गेल्या. प्रत्येक प्रकरणाची फाइल होते, सातबारा जोडला जातो, कर्ज कोणाचे ते तपासले जाते, मदतीला पात्र की अपात्र ते ठरते. त्या घरातला आठवीतला मुलगा मात्र फाइलीच्या कोणत्याही रकान्यात नाही. तो शाळेत परत येतो तेव्हा त्याच्याशी काय बोलावे हे शिक्षकाला कळत नाही, म्हणून शिक्षक काहीच बोलत नाही. वर्गातली मुले कुजबुजतात. घरी आजी म्हणते, आता तूच घरचा कर्ता. तेराव्या वर्षी कर्ता! या मुलाला रोगाचे नाव चिकटवायची गरज नाही. त्याच्याशी कोणी तरी नीट, नियमाने आणि न घाबरता बोलण्याची गरज आहे. एवढे करायलासुद्धा शिकावे लागते.

मग शिकवायचे कोणी? तज्ज्ञांची संख्या पाहिली तर निराशा होते. प्रौढांचे मनोविकारतज्ज्ञ कमी, मुलांच्या मनाचे तज्ज्ञ त्याहून कमी, आणि जे आहेत ते मुंबई-पुणे-नागपुरात. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. वऱ्हाडाला जवळचे ते नागपूरचे, १८६४ पासूनचे. धारणीच्या पलीकडच्या गावातून तिथे मुलीला घेऊन जाणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी, शिवाय ‘वेड्यांच्या दवाखान्यात नेले’ ही बोलणी. कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. सरकारी आरोग्य संस्थांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याच्या प्राथमिक आणि तातडीच्या सेवेचे प्रशिक्षण द्यावे, हे किमान कर्तव्य म्हणून त्याच्या कलम ३१ मध्ये सरकारवर टाकले आहे. तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्यासाठी दहा वर्षांत प्रयत्न करावेत, असेही तेच कलम म्हणते. ही मुदत मे २०२८ मध्ये संपते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. आणि शिक्षकांना व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावे. निकाल चांगला आहे, शंका नाही. पण शंभराचा आकडा घेऊन मेळघाटात जा. तिथल्या कित्येक जिल्हा परिषद शाळांची पटसंख्या त्याच्या पाव हिश्श्यावर थांबते. त्यांच्यासाठी ‘जोडून घ्यावे’ एवढेच उरते. कोणाशी जोडून घ्यावे?

आता पुराव्याकडे वळतो. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे आपल्या सर्वांची एक लाडकी समजूत मोडते. समजूत अशी, की सगळ्या शिक्षकांना लक्षणे ओळखायला शिकवले की मुले वाचतील. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमधल्या ११,११० मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शाळांचे चार गट होते. एका गटात शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवले. दुसऱ्यात तज्ज्ञांनी मुलांची चाळणी करून जोखमीची मुले पुढे पाठवली. तिसऱ्यात मुलांनाच, वर्गात, चर्चा आणि भूमिका करून दाखवत, आपल्या आणि मित्राच्या मनाची काळजी कशी घ्यायची ते शिकवले. चौथ्या, तुलनेच्या गटातल्या शाळांत केवळ माहितीची भित्तिपत्रके लावली. वर्षभरानंतर काय दिसले? मुलांना थेट शिकवलेल्या गटात आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा जवळजवळ निम्म्यावर आले. शिक्षकांना शिकवलेल्या गटात आणि भित्तिपत्रकांच्या गटात लक्षणीय फरक पडला नाही.

कोणी म्हणेल, युरोपचे काय सांगता? मग बिहारचे सांगतो. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ माध्यमिक शाळांत २०१५ च्या सुमारास नववीच्या मुलांबरोबर ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला. शाळेचे वातावरण सुधारण्याचा एकच कार्यक्रम दोन तऱ्हांनी राबवला. काही शाळांत त्यासाठी स्थानिक पदवीधर मुले-मुली समुपदेशक म्हणून पूर्ण वेळ नेमली आणि त्यांच्यावर वरून सतत देखरेख ठेवली. काही शाळांत तेच काम शाळेतल्याच शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवले. उरलेल्या शाळा तुलनेसाठी. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण स्पष्टपणे सुधारले, दादागिरी, हाणामारी आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत आणि तुलनेच्या शाळांत फरक दिसला नाही. कार्यक्रम तोच, पुस्तिका तीच. बदलला तो फक्त माणूस आणि त्याच्यामागची व्यवस्था.

यावरून शिक्षक निकम्मे ठरतात का? मुळीच नाही, आणि शिक्षकांनी भरलेल्या सभागृहात मी हे केवळ जिवाच्या भीतीने म्हणत नाही. शिक्षक गुण देतो, हजेरी घेतो, पालकांना बोलावतो, कधी शिक्षाही करतो. ज्याच्या हातात तुमचे प्रगतिपुस्तक आहे त्याला तुम्ही मनातले सांगाल का? त्यात निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे. दुपारी दोनच्या तासाला पंचेचाळीस मुलांसमोर उभ्या माणसाने शांतपणे एका मुलाशी बोलावे ही अपेक्षाच चुकीच्या माणसाकडून आहे. म्हणून शिक्षकाचे प्रशिक्षण वेगळे हवे आणि लहान हवे. त्याने तीनच गोष्टी शिकायच्या: बदल टिपायचा, अपमान करायचा नाही, आणि पुढच्या माणसाकडे पोचवायचे. अचानक घसरलेले गुण, वाढलेली गैरहजेरी, सततची पोटदुखी, मित्रांपासून तुटणे, वहीत लिहिलेले मरणाचे विचार. निदान त्याने करायचे नाही. ‘याला डिप्रेशन आहे’ असे वर्गात म्हणणारा शिक्षक न शिकलेल्या शिक्षकापेक्षा जास्त घातक असतो.

आरोग्य खात्याकडे आलो की चित्र थोडे बदलते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसमोर मूल येते ते मनाचे दुखणे घेऊन नव्हे. ते पोट, डोके, छाती, चक्कर घेऊन येते. मुलगी शाळेत बेशुद्ध पडते, सगळे तपास नीट येतात, ‘पोरीले बाहेरचं झालं’ असे गावात ठरते, डॉक्टर टॉनिक देतो आणि दोन आठवड्यांनी ती पुन्हा पडते. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही, तो वैद्यकशास्त्राच्या पेपरात बसवलेला आहे; मग हा डॉक्टर गडबडला तर नवल नाही. त्याला शिकवायचे ते असे: पालकांना थोडा वेळ बाहेर थांबवून मुलाशी एकट्याने बोलायचे, झोप, भूक, शाळा, मित्र आणि मार विचारायचा, आणि मरणाचा विचार मनात येतो का हे सरळ विचारायचे. इथे दुसरा मोठा आक्षेप येतो. “विचारले तर नसलेला विचार डोक्यात घालाल!” ही भीती स्वाभाविक आहे आणि चुकीची आहे. आत्महत्येबद्दल काळजीने विचारल्याने धोका वाढत नाही असे आजवरचे संशोधन सांगते. उलट पुष्कळांना कोणी तरी विचारल्याने हलके वाटते. आणि उत्तर हो आले, तर वऱ्हाडात पहिली सूचना पालकांना द्यायची आहे: फवारणीचे औषध घराबाहेर, कुलपात ठेवा, किल्ली मुलाच्या हाती लागू देऊ नका, आणि त्याला एकटे सोडू नका. औषधगोळ्यांचा प्रश्न त्यानंतरचा.

लैंगिक शोषणाची शंका आली तर काय? २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना किंवा बाल पोलिस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेच्या अब्रूसाठी प्रकरण आतल्या आत मिटवणे हा गुन्हा आहे. प्रशिक्षणात हे एका वाक्यात सांगून चालत नाही. मुलीचे बयान वारंवार घ्यायचे नाही, तिला वचन द्यायचे नाही की ‘कोणाला सांगणार नाही’, हे सराव करून शिकवावे लागते.

सराव! शब्द निघालाच आहे तर आपल्याच गावाचे उदाहरण घेतो. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी इथे हनुमान आखाडा उभा केला. त्यातूनच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये याच मंडळाच्या तरुणांनी आपले देशी खेळ दाखवले, आणि देशभरच्या शाळांचे क्रीडाशिक्षक इथून घडून गेले. मल्लखांब कधी कोणी पडद्यावर चित्रे दाखवून शिकवला आहे का? उस्ताद खाली हात पसरून उभा असतो, शिष्य पडतो, उस्ताद झेलतो, ‘पुन्हा’ म्हणतो. दुखावलेल्या मुलाशी बोलणे हेही तसेच शरीरात मुरावे लागते. पण मनाच्या बाबतीत आपण मल्लखांबाची तीन तासांची चित्रफीत दाखवतो, प्रमाणपत्र देतो, आणि मग शिष्याने खांबावर एकट्याने चढावे अशी अपेक्षा करतो.

आपल्या विदर्भात या गोष्टीचे पुरावेही आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत अल्पशिक्षित महिलांना नवजात बाळांची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि देशाच्या धोरणाला दिशा मिळाली. या यशाबद्दल बोलताना आपण त्या महिलांचे कौतुक करतो आणि एक तपशील विसरतो: पंधरा दिवसांतून एकदा डॉक्टर त्या प्रत्येक महिलेकडे जात होता, नोंदी पाहत होता, चुका दुरुस्त करत होता. दुसरा पुरावा याच जिल्ह्यातला. ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प अमरावतीच्या तीस गावांत चालला. गावातल्याच माणसांना नैराश्य ओळखायला, धीर द्यायला आणि समुपदेशन करायला शिकवले, त्यांच्यावर समुपदेशक, समुपदेशकांवर मनोविकारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक उपचार घेत होते. दीड वर्षाच्या कामानंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार आल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे प्रौढांचे आकडे आहेत, मुलांचे नाहीत, हे मान्य. शिवाय हा आधी-नंतरचा अभ्यास होता, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पाला देताना थोडा हात आखडता घ्यावा. पण एवढे निश्चित दिसते, की वऱ्हाडातल्या खेड्यात साध्या माणसांची साखळी उभी राहू शकते आणि लोक तिच्याकडे येतात. “आमच्या लोकांना हे चालणार नाही” या सबबीला उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालेले आहे.

आता मेळघाट. कोरकू मुलाची घरची भाषा कोरकू, शाळेची मराठी, बाजाराची हिंदी. दुःख माणूस घरच्या भाषेत सांगतो. समुपदेशकाला कोरकू येत नसेल तर दुभाषा लागतो, आणि दुभाष्यासमोर चौदा वर्षांची मुलगी काही बोलत नाही. म्हणून तिथे प्रशिक्षणार्थी निवडतानाच पहिली अट भाषेची असावी, पदवीची नंतर. आश्रमशाळांच्या बाबतीत तर आपण सरळ चुकीच्या माणसाला शिकवतो. आश्रमशाळेचे मूल संध्याकाळी घरी जात नाही. रात्री नऊ वाजता, दिवाळीच्या सुट्टीला दोन महिने असताना, रडणाऱ्या सहावीतल्या पोराजवळ कोण असते? शिक्षक नसतो. अधीक्षक किंवा अधीक्षिका असते, स्वयंपाकी असतात, कामाठी असतो. पहिले प्रशिक्षण यांना हवे. आणि भूमका? गावातला हा वैदू आई-बापांच्या आधीपासून तिथे आहे, त्याला टाळून कोणतीही व्यवस्था पुढे सरकत नाही. त्याला मंत्र सोडायला सांगू नका. मूल तीन दिवसांत बरे नाही झाले तर दवाखान्यात पाठव, एवढे ठरवून घ्या.

आणि अकोला? तिथे बुलडाणा, वाशीमहून अकरावी-बारावीसाठी आलेली मुले खोली करून राहतात. नीट आणि जेईईच्या क्लासमध्ये सकाळ-संध्याकाळ, जेवण मेसवर. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा घराबाहेर, आणि चाचणीचा क्रमांक दर आठवड्याला मोबाइलवर. ही मुले कॉलेजच्या हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. म्हणून शाळेच्या कोणत्याही योजनेच्या हाती लागत नाहीत. पोराने चार दिवस डबा परत पाठवला हे सगळ्यात आधी कोणाला कळते? मेस चालवणाऱ्या मावशींना. मग घरमालकिणीला. या दोघींना तासाभराचे प्रशिक्षण आणि एक फोन नंबर देणे हे क्लासच्या दारात लावलेल्या प्रेरणादायी फलकांपेक्षा उपयोगी पडेल. क्लासचालकांनीही यात पैसा घालावा, फी तर ते घेतातच.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. तो असा: मुलांचे दुःख हे गरिबीचे, कपाशीच्या भावाचे, बापाच्या दारूचे, जातीच्या अपमानाचे दुःख आहे, तुम्ही त्याला समुपदेशनाची मलमपट्टी करता आणि व्यवस्थेला मोकळे सोडता. यात खोटे काही नाही. भाव पडल्यावर शेतकऱ्याला ‘सकारात्मक विचार करा’ सांगणे ही क्रूर थट्टा आहे. पण घर पेटलेले असताना आगीचे कारण शोधणारे एक पथक हवे आणि आतल्या मुलाला बाहेर काढणारे दुसरे. पहिल्याचा अहवाल येईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे का? शिवाय नीट शिकलेला समुपदेशक व्यवस्थेकडे डोळेझाक करत नाही. तो बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून देतो, शिष्यवृत्ती अडली तर कार्यालयात फोन करतो, वर्गात जातीवरून टोमणे मारणाऱ्या मुलांशी आणि मोठ्यांशीही बोलतो. हे प्रशिक्षणात घाला, म्हणजे आक्षेपातला अर्धा दम जाईल.

याच्या उलटा आक्षेपही आहे: प्रत्येक उदासीला आजार म्हणाल, पोरांना हळवे कराल. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत शिक्षकांकरवी सजगतेचे धडे दिले, आठ हजारांवर मुलांचा मागोवा घेतला, आणि फायदा दिसला नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांना काहीही शिकवणे हा उपाय नव्हेच. त्यासाठीच पायऱ्या हव्यात. बहुतेक मुलांना चांगली शाळा, खेळ आणि मार न देणारा शिक्षक पुरतो. काहींना समुपदेशक लागतो. थोड्यांना डॉक्टर.

पण सगळ्यांत खरा आक्षेप चौथा: अर्धवट शिकलेला माणूस धोकादायक असतो. हो, असतो. आणि त्याचे उत्तर जास्त लांबीचा अभ्यासक्रम हे नाही. त्याचे उत्तर आहे चूक वेळीच पकडणारा वरचा माणूस. त्याची सोय वऱ्हाडात करता येते, आणि नव्या इमारती न बांधता. तज्ज्ञ शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत: अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून, आणि आता २०२४ मध्ये सुरू झालेले अमरावतीचे शासकीय महाविद्यालय. संत गाडगे बाबा विद्यापीठाच्या क्षेत्रात मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकणारी मुले दरवर्षी पदव्या घेऊन बाहेर पडतात आणि बँकेच्या परीक्षा देतात. शाळांच्या प्रत्येक केंद्रात दर महिन्याला शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिचा एक तास मुलांच्या मनासाठी राखून ठेवा. केंद्रासाठी एक पूर्ण वेळ समुपदेशक, स्थानिक, पगारी. त्याने त्या तासात महिन्याभरातली अवघड प्रकरणे, मुलांची नावे न घेता, मांडायची. पंधरवड्यातून एकदा त्याने आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलायचे. छत्तीसगड आणि बिहारमधल्या डॉक्टरांना निम्हान्स याच पद्धतीने, प्रत्यक्ष रुग्णांवर चर्चा करत शिकवत आले आहे. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आठवड्यातली एक दुपार फक्त मुलांसाठी ठेवायची, आणि पाठवलेले मूल तिथे पोचले की नाही हे समुपदेशकाला कळवायचे. किशोरवयीनांसाठीच्या सरकारी ‘मैत्री’ क्लिनिकला दार आहे, त्यात माणूस बसवायचा. पैसा लागेल, हो. पण दरवर्षी सगळ्या शिक्षकांना गोळा करून होणाऱ्या कार्यशाळांवरही पैसा लागतोच. तो निम्मा केला तरी सुरुवात होते.

यात सरकारची वाट पाहू नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही; सरकारलाच विचारा. तुमच्यापैकी अनेक जण शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, काही जिल्हा परिषदेतही असतील. पुढच्या बैठकीत ‘किती शिक्षक प्रशिक्षित झाले’ हा प्रश्न विचारूच नका, त्याचे उत्तर नेहमी शंभर टक्के येते. असे विचारा: गेल्या वर्षी आपल्या शाळेतून किती मुलांना मानसिक त्रासासाठी पुढे पाठवले, त्यांतली किती प्रत्यक्ष पोचली, आणि महिन्याने किती मुलांची पुन्हा विचारपूस झाली? उत्तर मिळाले नाही तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे इतिवृत्तात लिहायला लावा, आणि त्याची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सक आणि शिक्षणाधिकारी या दोघांना पाठवा.